रुपयात चार आणे

पोलादपूर
शुक्रवार, २७ जून २०२५

शरिफा,

कशी हायस ते विचारत नाय. काल बघितलं कशी हायस ते.

अकरा वेळा फोन लावला, तू उचलला नाय. म्हणून आमच्या दिशाच्या वहीची पानं फाडून लिहायला बसले. भरत टेम्पोवाला महाडच्या त्या दोन हॉटेलांना भाकऱ्या टाकायला जातोच, तुझं घर वाटेवर हाय, त्याच्या हाती देते. वाचायचं तर वाच, नायतर फाडून टाक. पण काल माझं बोलणं अर्ध्यात तोडून तू रिक्षात बसलीस ना, ते उरलेलं अर्धं मी आज बोलणार. मला पोटात ठेवायची सवय नाय, तुला शाळेपासून ठाऊक हाय.

बावीस महिन्यांत पहिल्यांदा न सांगता आलीस. आलीस ती सरळ भाकऱ्यांच्या शेडमध्ये. सहातली एक शेगडी चालू होती. मी तुला सांगितलं, एमआयडीसीत आपल्या भाकऱ्या जातात ती कंपनी दुरुस्तीसाठी पुरा जून बंद हाय, कँटीन बंद, नऊशे भाकऱ्या जायच्या तिथे दीडशे जातात. तू "अरे देवा" बोललीस. मी चहा टाकला. आणि आलीच हायस तर पाच तारखेची वाट कशाला बघायची, म्हणून डब्यातलं पाकीट काढून तुझ्या हातात दिलं. चार हजार. दर महिन्यासारखे.

तू पाकीट उघडलंस पण नाय. बोललीस, "हे कसले?"

"जूनचे."

"जून संपायचाय अजून. शेगड्या थंड पडल्यात. नफा कुठून आला?"

मी बोलले, "कुठून का येईना. तुझे चार हजार ठरलेले हायत, बावीस महिन्यांत एकदा तरी चुकले काय?"

यात वाईट काय बोलले गो मी? सांग ना! तुझा चेहरा खाडकन उतरला. "ठरलेले? आवडे, नफा होवो न होवो ठरलेले मिळतात, त्याला व्याज बोलतात. तू मला बावीस महिने व्याज खायला घातलंस?" पाकीट पिठाच्या पिंपावर ठेवलंस, चहा तसाच, आणि निघालीस. काशीबाईच्या देखत. ती साठ वर्षांची बाई हातातला गोळा तसाच धरून बघत बसली. मागाहून मला विचारते, "तू त्यांना फसवलंस काय गो?" मला! आवडीला!

मला काय ठरलं होतं ते आठवत नाय असं समजू नकोस. ऑगस्ट तेवीसमध्ये तुझ्या ओट्यापाशी उभं राहून ठरलं. तुझ्या भावांनी बाबांची जमीन विकली, तुझ्या वाट्याचे दोन लाख तुला दिले. तुझ्या नवऱ्याने, नासिरभाईंनी, कुवेतवरून सांगितलं, बँकेत टाक. तू बोललीस, बँकेत टाकले तर व्याज येतं, ते मला नको. मला शेगड्या, तवे, पराती आणि कँटीनवाल्याचं डिपॉझिट एवढं करायचं होतं. तू बोललीस, "माझे पैसे तुझ्या धंद्यात घाल. नफा झाला तर रुपयात चार आणे माझे, तोटा झाला तरी चार आणे माझेच." मी हो बोलले. कागद केला नाय. तुझ्यामाझ्यात कागद कसला?

मग मी काय केलं? धंदा वर गेला, खाली गेला, तुला त्याची झळ लागू दिली नाय. पाच तारीख आली की पाकीट. मायेनं दिलं. त्याला तू व्याज बोललीस. माझे तळहात बघ एकदा, मग बोल व्याज.

चार हजार अजून पिंपावर हायत. मी हात लावलेला नाय. भरतला पाठवून घेऊन जा.

आवडी

* * *

पोलादपूर
सोमवार, ३० जून

शरिफा,

भरतने तुझी चिठ्ठी दिली. केवढी मोठी! तीन ओळी. माझी चार पानं आणि तुझ्या तीन ओळी.

"बावीस महिन्यांचा खरा हिशेब दे. नफा किती, तोटा किती, माझे चार आणे किती. द्यायचा नसेल तर माझे दोन लाख दे आणि आपण दोघी मोकळ्या."

वाचून मी परात आपटली. ती चेपली. तिचे पण चार आणे तुझेच, लिहून ठेव.

दोन लाख पायजेत? घे. हायवेवरच्या धाब्याचा राजेंद्र दोन वर्षं माझ्या मागे लागलाय. शेगड्या, तवे, पिंपं, कँटीनची ऑर्डर, सगळं मिळून अडीच लाख देतो बोलतो. काल मी स्वतः त्याच्याकडे गेले. शुक्रवारी टोकन घेऊन येतोय, एकवीस हजार. तुझे दोन लाख तुला, पन्नास माझे, आणि आवडीचं भाकरी केंद्र बंद. तो मशीन बसवणार हाय. दोन बाया ठेवणार, चार घरी जाणार. काशीबाईला तर तो पहिल्या दिवशी काढील, तिला मशीनपाशी उभं कोण करतंय?

कळलं ना काय मागितलंस ते?

आणि खरा हिशेब पायजे बोलतेस ना, तर ऐक. गेल्या वर्षीचा जुलै. महाडच्या रस्त्याला पाणी, भरतचा टेम्पो नऊ दिवस जागचा हलला नाय. दोन पोती पीठ ओलं होऊन आंबलं, ओढ्यात टाकलं. त्या महिन्यात नफ्याचं नाव नव्हतं. तरी पाच तारखेला तुझ्या घरी पाकीट आलं की नाय? आलं. माझ्या कानातल्या कुड्या सोनाराकडे ठेवून आलं! तू त्या दिवशी फोनवर बोललीस, "पावसात बरा चाललाय धंदा, अल्लाची मेहेरबानी." मी हो हो बोलले. दिवाळीत कुड्या सोडवल्या. भागोजी मुंबईवरून आले होते, त्यांनी विचारलं कान मोकळे कशाला, तर मी खोटं बोलले, कान पिकलाय. नवऱ्याशी खोटं बोलले तुझ्या चार हजारांपायी.

पहाटे चारला मी उकड काढते. सात वाजेपर्यंत नऊशे भाकऱ्या टोपल्यांत भरून गेल्या पायजेत, नायतर पहिल्या पाळीवाले आमच्या नावाने ओरडतात. त्यानंतर पीठ, गॅस, उधारी, कँटीनवाल्याचे नखरे. संध्याकाळी माझी बोटं मिटत नायत. तू काय केलंस? दोन लाख दिलेस आणि घरी बसलीस. मी कधी बोलले काय? आज बोलते. तुला घरबसल्या पैसे येत होते, एक दिवस उशीर नाय, आणि तुला त्यात खोट दिसली. बावीस महिने घेताना तुझी देवाची भीती कुठे गेली होती?

घे तुझे दोन लाख. शुक्रवारनंतर आपला काय संबंध नाय.

आवडी

* * *

पोलादपूर
बुधवार, २ जुलै

शरिफा,

मागच्या पत्रात देवाची भीती असलं काय काय लिहिलं, ते लिहायला नको होतं. एवढंच. बाकीचं मागे घेत नाय.

तुझं पत्र मोठं होतं या वेळी. तीनदा वाचलं. पहिल्यांदा तापले, दुसऱ्यांदा जास्त तापले.

तू लिहिलंस, "माहरुखची दोन वर्षांची कॉलेजची फी मी त्या पाकिटांतून भरली. मी तिला सांगितलं होतं, तुझ्या आवडीमावशीच्या मेहनतीतला हा माझा हिस्सा हाय, हलाल हाय, मन लावून शिक. आता काय सांगू? जो पैसा मी बँकेकडून घेतला नाय तो तू मला मैत्रिणीच्या हाताने दिलास. बँकेने निदान फसवलं नसतं, पासबुकात व्याज लिहून दिलं असतं."

हे वाचून मी उठून बाहेर गेले. पडवीत उभी राहिले. तुला शिव्या देत होते, खोटं कशाला बोलू? पण माहरुखचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. दहावीला पेढे घेऊन आली होती ती पोर.

आता तू जे विचारलं नायस पण तुला ठाऊक हाय, ते मीच लिहिते. आकडा चार हजार कुठून आला?

आमच्या बचत गटात कर्ज घेतलं की शेकडा दोन द्यावे लागतात, महिन्याला. दोन लाखांचे किती होतात? चार हजार. पहिल्या महिन्यात नफा काढायला बसले, मला जमेना. गॅस अर्धा उरलेला, पीठ उधार, कँटीनचे पैसे यायचे होते. डोकं फिरलं. बोलले, जाऊ दे, गटाच्या भावाने देऊन टाकू, शरिफाचं नुकसान नको. त्या दिवशी ठरलं ते ठरलं. गटात सगळ्या बाया तसंच देतात, वेळेवर देईल ती चांगली, चुकेल ती वाईट. मी चांगली व्हायला गेले. तू माझी सावकार नव्हतीस हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाय. मायेनं दिलं असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. माया होती गो. पण भाव गटाचाच होता. लिही, काय शिव्या लिहायच्या त्या लिही.

आणि अजून एक. हे लिहायला मला काल पुरा दिवस गेला.

प्रत्येक महिना जुलैसारखा नव्हता. गेल्या दिवाळीपासून दुसऱ्या कँटीनची पण ऑर्डर लागली होती चार महिने. त्या वेळी पैसा आला. चांगला आला. मी तुला बोलले, "चाललंय बरं." आणि पाकिटात चार हजारच घातले. घराला नवे पत्रे घातले, दिशाचं नर्सिंगचं अ‍ॅडमिशन केलं. तुला सांगितलं असतं तर तू बोलली असतीस, "घे गो, पोरीच्या शिक्षणाला घे." मला तुझं ते 'घे' नको होतं. तुझ्या पैशातनं उपकार नको म्हणून मी तुझेच पैसे न विचारता घेतले. काशीबाईने त्या दिवशी विचारलं ना, तू त्यांना फसवलंस काय? तिला मी केवढ्यानं ओरडले होते.

पण तू काय धुतल्या तांदळासारखी नायस हां! बावीस महिन्यांत एकदा तरी वही मागितलीस? जुलैमध्ये तुझ्या अंगणात गुडघाभर पाणी होतं. तेव्हा चार हजार आले, तुला प्रश्न पडला नाय? दर महिन्याला तोच आकडा, एक रुपया इकडेतिकडे नाय, कुठला धंदा असा चालतो गो? तुला पण तो आकडा बरा वाटत होता. पाच तारखेला पाकीट, सहाला फी. तुला माझ्यावर विश्वास होता बोलतेस. विश्वास होता तर यायचं होतंस, बसायचं होतंस, पीठ किती, गॅस किती विचारायचं होतंस. अर्धी चूक तुझी. अर्धी नसेल तर चार आणे तरी तुझी.

काशीबाईला मी काल सांगितलं, शुक्रवारी राजेंद्र येतोय. ती थापत राहिली. भाकऱ्या झाल्यावर हात धुऊन बोलली, "माझा हिशेब कधी करशील? शुक्रवारच्या आधी कर. मागाहून तुला तोंड दाखवायला लाज वाटेल." लाज तिला की मला, ते काय मी विचारलं नाय.

शेवटी तू लिहिलंस, "हिशेब करशील तेव्हा आधी तुझी मजुरी काढ. काशीबाईला देतेस तेवढी तरी. ती काढल्यावर उरेल त्यातले चार आणे मला. तू फुकट राबायचं आणि मी नफा खायचा, हे पण मला चालणार नाय." हे तू रागात लिहिलंस, अक्षरावरून कळतंय, पेन कागदातून पार गेलंय. मजुरीचं मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. दोन वर्षं मी स्वतःशी कुढत होते की शरिफाला माझी मजुरी दिसत नाय. मी मागितली पण नव्हती, ते सोड.

टोकनचं शुक्रवारी बघू. वही काढून बसते.

आवडी

* * *

पोलादपूर
शनिवार, ५ जुलै

शरिफा गो,

बस आणि नीट वाच. मध्येच चहा टाकायला उठू नकोस.

बुधवार-गुरुवार दोन्ही दुपारी मी आणि दिशा वही घेऊन बसलो. वही कसली, पिठाच्या दुकानाच्या चिठ्ठ्या, गॅसच्या पावत्या, भरतच्या टेम्पोच्या फेऱ्या कॅलेंडरवर टिपलेल्या, कँटीनवाल्याचे बँकेतले पैसे मोबाईलवर. तांदळाच्या गोणीत सगळं कोंबलेलं होतं. दिशा तोंडाला येईल ते बोलत होती मला. "आई, तू धंदा करतेस की भानामती?" मी तिला दोनदा झापलं आणि तिसऱ्यांदा गप्प बसले, कारण बरोबर बोलत होती.

माझी मजुरी धरली महिना बारा हजार, काशीबाईएवढी. काशीबाईला विचारून धरली. ती बोलली, "तू माझ्याएवढ्या भाकऱ्या थापत नायस, पण घे."

मजुऱ्या, पीठ, गॅस, टेम्पो, भाडं, सगळं जाऊन बावीस महिन्यांचा नफा निघाला चार लाख एकवीस हजार सहाशे. तोट्याचे तीन महिने त्यातच वजा हायत. त्यातले तुझे चार आणे म्हणजे एक लाख पाच हजार चारशे. तुला पाकिटांतून दिले अठ्ठ्याऐंशी हजार. सतरा हजार चारशे मी तुला कमी दिले.

मी. कमी. कुड्या गहाण ठेवून जिने दिले, ती मी तुझं देणं लागते! आकडा बघितला तेव्हा दिशाला बोलले, परत कर. तिने परत केला. तोच आला. बावीस महिने मी मनातल्या मनात तुझ्यावर उपकार करत होते. दर पाच तारखेला मान ताठ करून. जुलैचा एक महिना मी कवटाळून बसले होते आणि दिवाळीनंतरचे चार महिने सोयीनं विसरले होते. माझा मलाच एवढा राग आलाय की काल दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते. भरतला पण बोलले काय काय. तो बिचारा आज विचारत होता, वैनी, मी काय केलं?

मग दिशाने माझी मजुरी न काढता पण हिशेब केला, नुसतं बघायला. तसा केला असता तर मी तुझे त्र्याऐंशी हजार चारशे लागले असते. मजुरी आधी काढ, ही तू एक ओळ लिहिलीस त्याने तुझे सहासष्ट हजार गेले. तुला हे लिहिताना ठाऊक होतं काय? नसणार. ठाऊक असतं तरी लिहिलंच असतंस, आणि त्याचाच मला जास्त राग येतोय. भांडण चालू असताना माणसाने एवढं सरळ वागू नये.

व्याजाचं म्हणशील तर ते माझ्याच्याने पुसलं जात नाय. तुझ्या धर्मात त्याचं काय करायचं ते तू तुमच्या मौलानांना विचार. मी त्यात तोंड घालत नाय. पण माहरुखला माझ्या नावाने सांग, आवडीमावशीने हिशेब चुकवला, तुझ्या आईने नाय. आणि तिची फी तुझ्या चार आण्यांत बसत होती, तुझा हिस्सा फीपेक्षा मोठाच होता. पोरीने मान खाली घालायचं काय कारण नाय.

राजेंद्र काल आला होता. टोकन, पेढे, बरोबर दोन साक्षीदार. खुर्चीवर बसून शेगड्या मोजायला लागला. बोलला, "सही करा वैनी." पेन मी हातात घेतलं होतं, खोटं नाय सांगत. मग मी बोलले, "ह्यातले चार आणे माझे नायत. दुसऱ्या मालकिणीला विचारल्याशिवाय मला विकता येत नाय." तो बोलला, "कोण दुसरी मालकीण? मी तर तुम्हालाच ओळखतो." मी बोलले, "महाडला असते. लय कडक हाय." तो हसला, त्याला वाटलं मी भाव वाढवतेय. पावणेतीन लाखांवर आला. मी पेढे परत दिले. काशीबाईने त्याच्यासमोर परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं, धप धप आवाज करत, तेव्हा तो उठला.

तेव्हा आता तू सांग. विकायचं तर दोघींच्या सह्यांनी विकू. ठेवायचं तर दर महिन्याच्या पाच तारखेला तू इथे येणार, वही उघडणार आणि माझ्या डोक्यावर बसून बेरीज करणार. घरबसल्या पाकीट बंद. आणि या वेळी कागद करायचा. दिशा लिहील, काशीबाई अंगठा देईल.

सतरा हजार चारशे मी गणपतीपर्यंत माझ्या मजुरीतून देते. ते ठरलेले हायत, पण व्याज नाय, माझ्याकडे राहिलेला तुझाच हिस्सा हाय. आता तरी नावं ठेवू नकोस.

आता जून. आज पाच तारीख.

कँटीन पुरा महिना बंद. बायांना अर्धी मजुरी दिली, त्या घरी बसल्या तरी, नायतर त्या दुसरीकडे गेल्या असत्या. ते मी तुला विचारायला पायजे होतं, विचारलं नाय, ओरड. भाडं चुकलं नाय, टेम्पो दीडशे भाकऱ्यांसाठी पण तेवढंच डिझेल पितो. दोन हॉटेलांचे पैसे जमा धरून तोटा निघाला सात हजार दोनशे. तुझे चार आणे अठराशे.

तोटा, शरिफा. नफा नाय. पिंपावरचे चार हजार मी उचलले आणि पिठाच्या दुकानदाराला देऊन आले. आज भरतच्या हातात फक्त हे पत्र हाय, पाकीट नाय. तुझ्यावर अठराशे निघतात, पुढच्या महिन्याच्या नफ्यातून कापून घेईन. एवढं एक वाक्य लिहिताना तीन पानं चुरगाळली मी. कुड्या ठेवायला सोनाराकडे जाताना एवढं जड गेलं नव्हतं.

एक तारखेपासून कँटीन चालू झालंय. आज आठशे चाळीस भाकऱ्या गेल्या. वहीत लिहिल्यात.

आवडी

* * *

पोलादपूर
सोमवार, ७ जुलै

शरिफा,

तुला अक्कल हाय काय गो?

कापून घेईन असं मी स्पष्ट लिहिलं होतं. वाचता येतं ना तुला? मी तुझे सतरा हजार चारशे लागते आणि तू उलट मलाच अठराशे पाठवतेस! भरत पैसे हातात देताना बोलला, "माहरुखच्या आईने दोनदा मोजून दिलेत, पावती मागितलीय." वर तुझी चिठ्ठी: "राहिलेलं वेगळं, तोटा वेगळा. माझ्या वाट्याचा तोटा मी भरला. पाच ऑगस्टला येते. बायांची अर्धी मजुरी बरोबर केलीस."

मी शेडमध्ये उभ्या उभ्या रडले. सगळ्यांच्या देखत. काशीबाई बोलली, आता काय झालं? मी बोलले, तोटा आला. ती बोलली, मग रडायचं ते घरी जाऊन रड, उकड गार होतेय. सोळा वर्षांची असल्यापासून मी कमावतेय, शरिफा. तोट्यातला हिस्सा मला आजवर कुणी आणून दिला नव्हता. नवऱ्याने नाय, भावाने नाय. किती राग आलाय मला तुझा ते तुला कळायचं नाय.

पावती मागितलीस, ही घे. दिशाच्या अक्षरात हाय, सही माझी.

"शरिफा नासिर, राहणार महाड, भागीदार, यांच्याकडून जून २०२५ या महिन्याच्या तोट्यातील चार आणे हिस्सा, रुपये एक हजार आठशे फक्त, रोख मिळाले.

आवडी भागोजी, भागीदार."